कोरडं चालणारं इंजिन

अकोल्गो मेस्त्रीचं दुकान म्हणजे आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, एक कडुनिंब, त्याखाली दोन बाकडी आणि एका मेलेल्या मालट्रकचा हौदा. पाटी नाही, छप्पर नाही. पण जिरापाच्या बाजाराला आलेल्या कुणालाही विचारा की पिठाच्या गिरणीचं इंजिन कुठे दुरुस्त होतं, तो त्या झाडाकडेच बोट दाखवील. तीस वर्षांपूर्वी हा ट्रक इथे बंद पडला. मालक दुसऱ्या गाडीने निघून गेला आणि राखण करायला एकोणीस वर्षांच्या अकोल्गोला मागे ठेवून गेला. ट्रक काही उठला नाही, मालकही परत आला नाही. त्या हौद्यात अकोल्गोची हत्यारं राहू लागली. पुढे त्याच्या गावाकडची अपोका बायको होऊन आली, समोरच तिने चवळीची भजी तळायला चूल मांडली, आणि तो इथलाच झाला.

इथलाच म्हणजे किती, तर तो फ्राफ्रा आणि आम्ही सगळे दगाबा. आमच्या दोन जमातींचं नातं चेष्टेचं. रस्त्यात गाठ पडली की दगाब्याने म्हणायचं, "काय रे, माझ्या आजोबांच्या नोकरा, आज अंगण झाडायला आला नाहीस?" आणि फ्राफ्राने म्हणायचं, "तुझ्या आजोबांना आम्हीच बाजारात विकत घेतलं होतं. दोन दिवसांत खाऊन खाऊन कोठार रिकामं केलं, म्हणून हाकलून दिलं." रागवायचं नाही. जो रागावला त्याची फजिती. आणि कुत्रं शिजलं की त्याचं डोकं कुणाच्या पानात पडायचं, ह्यावरून तर भांडण ठरलेलंच.

आमच्या रस्त्यावर हे भांडण वीस वर्षं नेमाने चाललं ते अकोल्गो आणि बायुओ मास्तरांचं. एव्हॅरिस्ट बायुओ तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवायचे, माझ्या नवऱ्याचे सहकारी आणि आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. दर नाताळात त्यांच्या अंगणात मोठं पातेलं चढायचं आणि अकोल्गो भिंतीवरून ओरडायचा, "डोकं काढून ठेवा माझं! दगाब्यांना शेपटी पुरे!" मास्तर पळी घेऊन धावायचे. पोरंबाळं हसून हसून लोळायची. शेवटी डोकं अर्धं अर्धं व्हायचं, आणि ज्वारीच्या दारूचं, पिटोचं मडकं दोघांत रिकामं.

अकोल्गोची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. त्याच्या गावाकडे पाहुणा आला की आधी बाजरीच्या पिठाचं पाणी पुढे करतात, मग 'कुठून आलात, काय काम' ते विचारतात. पाणी दिल्याशिवाय बोलायला लागला तो अडाणी. अकोल्गो इंजिनाशीही तसाच वागायचा. कुणी इंजिन आणलं की तो आधी खिशातली चोचीची तेलाची कुपी काढायचा, त्याला दोन घोट पाजायचा, आणि मग कान लावून म्हणायचा, "हं, आता बोल. काय दुखतंय?" गिऱ्हाइकं हसायची, पण तेवढं झाल्याशिवाय त्यांचंही समाधान व्हायचं नाही. ती कुपी त्याच्या खिशात इतकी वर्षं राहिली होती की अपोकाने कितीही धुतला तरी प्रत्येक सदऱ्याच्या डाव्या खिशावर काळा चंद्र असायचाच.

बायुओ मास्तरांच्या डोक्यात एक इंजिन होतं. तरुणपणी शिकत असताना त्यांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्याचं चित्र पाहिलं होतं. स्टर्लिंग इंजिन. त्यात डिझेल नाही, पेट्रोल नाही, ठिणगी नाही. बंद नळकांड्यात नुसती हवा. एका टोकाला तापवायची, दुसऱ्या टोकाला निववायची. तापली की फुगते, निवली की आक्रसते, आणि त्या फुगण्या-आक्रसण्यावर दट्ट्या पुढेमागे होतो. "आपल्याकडे काय कमी आहे?" मास्तर म्हणायचे. "ऊन! आठ महिने फुकट भाजून निघतो आपण. त्याच्याकडून जरा काम करून घेऊ."

काम होतं ते त्यांच्या मावशीचं, आयुओचं. गावाबाहेरच्या बंधाऱ्याखाली आयुओ आणि आणखी सतरा बायका पावसाळा संपला की कांदा लावायच्या. पाणी खाली, वाफे वर. घमेलं डोक्यावर घेऊन चढ चढायचा, दिवसाला चाळीस खेपा. आयुओची मान एका बाजूला कलली होती ती कायमचीच.

मास्तरांनी कागदावर इंजिन काढलं आणि कागद घेऊन कडुनिंबाखाली आले.

"नोकरा, हे वाचता येतं का तुला?"

"तुझं अक्षर? त्यापेक्षा कोंबडीने उकरलेलं बरं वाचता येतं." अकोल्गोने कागद उलटा धरला, सुलटा धरला. मग एकेका रेघेवरून बोट फिरवलं. "ह्यात तेल कुठून घालायचं?"

"तेल नाहीच. कोरडं चालतं."

"कोरडं?"

"तेल आत गेलं की गरम टोकाला जळतं, काजळी धरते, सगळं चिकटून बसतं. इथे दट्ट्याच असा घासायचा, की हवा सुटणार नाही आणि अडकणारही नाही. वर टॉर्चच्या सेलमधल्या काळ्या कांडीची पूड चोळायची. बस्स."

"पाहुण्याला उपाशी ठेवून राबवणारं घर आहे म्हणायचं तुझं," अकोल्गो म्हणाला. पण हात त्याचे तेव्हाच शिवशिवायला लागले होते, हे मी माझ्या ओट्यावरून पाहत होते.

सहा महिने लागले. आमच्या रस्त्यावर टीव्हीची एक मोडकी छत्री होती, तिला मास्तरांनी आतून आरशाचे तुकडे डकवले. माझ्या माहेरून आलेला लग्नातला आरसा फुटला होता, तो मीच दिला. आग विझवायच्या नळकांड्याचं बूड झालं गरम टोक. त्याच्याभोवतीच्या फटीत भांडी घासायच्या तारेचा चोथा भरला, जाता-येता हवेची उष्णता धरून ठेवायला. थंड टोकाभोवती पत्र्याचा डबा, त्यात पंपाचंच पाणी फिरणार. दट्ट्या ॲल्युमिनियमची पातेली ओतणाऱ्यांकडून ओतून आणला आणि शाळेच्या लेथवर अकोल्गोने तो आठ दिवस घासला. शेवटी तो नळीत सोडून खालचं तोंड बोटाने दाबलं, तर दट्ट्या हवेवर तरंगत राहिला. बोट काढलं, सरकन खाली. अकोल्गोने हे मला, अपोकाला, भजी घ्यायला आलेल्या प्रत्येकाला करून दाखवलं. लेकराचा पहिला दात दाखवावा तसं.

आणि ते चाललं! डिसेंबरात, झाडापासून चार पावलं उन्हात, सगळ्यांसमोर. छत्री सूर्याकडे वळवली, गरम टोक तापलं, मास्तरांनी चाकाला एक झोका दिला आणि चाक फिरत राहिलं. आवाज जवळजवळ नाहीच, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. मिनिटाला तीन घमेली पाणी वर चढायचं. तीन वेळा चालवून पाहिलं, तिन्ही वेळा तासभर चाललं. आयुओने ते पाहून मैत्रिणींना सांगितलं आणि बायकांनी त्या वर्षी दुप्पट वाफे लावले. डोक्यावरून एवढं पाणी कधीच पुरलं नसतं. त्यांनी इंजिनाच्या भरवशावर लावले.

जानेवारीत बंधाऱ्यावर उद्घाटन ठरलं. पाद्रीबाबा आले, जिल्हा कचेरीतले एक साहेब आले, शाळेचे हेडमास्तर आले. बायका धुतलेली लुगडी नेसून. आणि अकोल्गोची सगळी गिऱ्हाइकं, पाच-सहा गिरणीवाले, शियाच्या झाडाखाली पिटो पीत बसलेले. मास्तर बायकांना छत्री कशी फिरवायची ते दाखवत होते. गिरणीवाल्यांतला एक म्हातारा ओरडला, "अरे फ्राफ्रा! एवढा मोठा पाहुणा आलाय. पाणी दिलंस का त्याला? का दगाब्यांत राहून रीत विसरलास?"

सगळे हसले. अकोल्गोही हसला. आणि त्याचा हात खिशात गेला.

मी पाहिलं. इंजिनाला हवा सोडायचा एक बारीक स्क्रू होता. त्याने तो फिरवून काढला, कुपीची चोच आत घातली आणि दोन घोट पाजले. मग सवयीने तिसराही. मला वाटलं, कामातलंच काहीतरी असेल. म्हाताऱ्याने टाळी वाजवली. मास्तरांची पाठ होती.

इंजिन सुरू झालं, आणि पहिल्या दहा मिनिटांत बायकांनी आनंदाने ओरडून बंधारा डोक्यावर घेतला. मग वास आला. मला वाटलं, अपोकाचं तेल करपलं, पण अपोका तर माझ्याशेजारी उभी होती. फटीतून निळसर धूर आला. चाक जड झालं. एक फेरा, अर्धा फेरा, आणि थांबलं. मास्तरांनी झोका दिला, अडून बसलं. पुन्हा दिला. साहेबांनी घड्याळात पाहिलं.

"कागदावरची इंजिनं कागदावरच बरी असतात, मास्तर," हेडमास्तर म्हणाले.

मास्तर अकोल्गोकडे वळले. "मेस्त्री, तुला काय वाटतं? काय झालं?" चेष्टा नव्हती त्यात. माणूस बुडताना हात पुढे करतो तसा तो प्रश्न होता.

अकोल्गोने गिरणीवाल्यांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. म्हणाला, "मी कागदावर होतं तसंच केलं."

एवढंच वाक्य.

सोमवारी हेडमास्तरांनी लेथच्या खोलीची किल्ली मास्तरांकडून परत घेतली. मुलं त्यांना वर्गात 'श्वास' म्हणायला लागली, इंजिनाच्या आवाजावरून. मास्तर रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन माझ्या नवऱ्यासमोर आकडे मांडायचे. एकदा म्हणाले, "गरम टोक तापून वाकलं असणार. फट मी फार कमी ठेवली. चूक माझीच, दुसरं कारण सापडत नाही. तेल तर त्यात नाहीच, की ते जळलं म्हणावं."

मला तो बारीक स्क्रू आठवला, आणि ते तीन घोट. मी सांगायला हवं होतं. त्या क्षणी, तिथेच. मी शेंगदाण्याचं सार ढवळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्ता ओलांडून अपोकाकडे गेले. तिने माझ्याकडे न बघता चार भजी पानावर ठेवली.

"तू पण पाहिलंस ना?" ती म्हणाली.

"हो."

"मी सदरा धुतला तेव्हाच कळलं. कुपी अर्धी झाली होती. त्या दिवशी दुसरं कुठलं इंजिन होतं सांग." तिने झारा तेलात आपटला. "बोलू नकोस कुणाला. त्याचं तोंड आहे. त्यालाच उघडू दे."

आम्ही दोघी थांबलो. शहाणपणाने थांबलो असं तेव्हा वाटायचं. तिकडे बंधाऱ्यावर बायका दुप्पट वाफ्यांना डोक्यावरून पाणी घालत होत्या. चाळीसच्या सत्तर खेपा झाल्या. आयुओ बाजाराला येताना मान हाताने धरून येऊ लागली. वरच्या अंगाचे वाफे पिवळे पडले, मग भुरकट, मग त्यांच्याकडे कुणी बघेनासं झालं. वाळवंटाकडून येणारा धुळीचा वारा त्या पातीचा चुरा गावभर करायचा.

मास्तर एकदा कडुनिंबाखाली आले. "गरम टोक कापून बघूया का? आत काय झालंय ते कळेल."

अकोल्गोने वर पाहिलं नाही. "कापलं तर परत जोडता येणार नाही. वाया जाईल."

हे खोटं होतं. असली शंभर नळकांडी त्याने कापून जोडली होती. मास्तरांनी मान डोलावली आणि चेष्टा न करता गेले. अकोल्गो बराच वेळ तोच एक नट पुसत बसला. त्या दिवसांत त्याच्याकडे आलेल्या इंजिनांना तो तेल पाजायचा, पण 'आता बोल' म्हणायचा नाही.

फेब्रुवारीअखेर मास्तरांचे काका वारले. म्हातारपणी, भरल्या घरात गेले, म्हणजे आमच्याकडे मोठं मर्तिक. प्रेत उंच मांडवात बसवलेलं, गील, आमचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य, वाजतंय, माणसं चार-चार गावांहून आलेली. अशा वेळी चेष्टेच्या नात्यातल्या माणसाने गप्प बसून चालत नाही. त्यानेच येऊन रडत्या घराला हसवायचं. अकोल्गो आला तो मेलेल्या काकांची टोपी घालून, त्यांच्यासारखाच लंगडत. लोकांनी वाट करून दिली. तो मास्तरांसमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला:

"रडता कशाला? काकाला मी नाही मारलं! मी फक्त इंजिन मारलं! ह्या मास्तरांचं इंजिन मी मारलं! तेल पाजलं मी त्याला, तीन घोट!"

मांडव हसण्याने फुटायचा बाकी राहिला. गीलवाल्यानेही हात थांबवला. कुणीतरी त्याच्या अंगावर नाणी फेकली. "शाबास नोकरा!" आणि मास्तर, जे महिनाभर हसले नव्हते, ते डोळे पुसत पुसत हसले. "अरे, तू मारलंस? तुला मारता आलं असतं तर चालवता नसतं का आलं?"

"खरंच सांगतो!" अकोल्गो म्हणाला. "देवाशपथ!"

लोक आणखी हसले.

मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. तो घामाने निथळत होता. पण घरी परतताना माझ्या मनात आलं तेच अपोकाने त्याला तोंडावर ऐकवलं, आणि रस्त्यापलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं: "जिथे कुणी खरं धरणार नाही तिथेच जाऊन बोललास. तुला ठाऊक होतं."



चौथ्या दिवशी भर दुपारी तो मास्तरांच्या अंगणात गेला. इंजिन तिथे कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून पडलं होतं. त्यावर कोंबड्या बसायच्या. मला त्याने रस्त्यातून हाक मारली, "वहिनी, तुम्हीही चला." का, ते मला कळलं. आयुओलाही त्याने बोलावणं धाडलं होतं. ती आली, मान धरून. त्याने पाण्याची बादली शेजारी ठेवली, करवत काढली आणि सगळ्यांसमोर गरम टोक कापायला बसला. पाव तासात नळकांडं उघडलं. आत तारेचा चोथा काळा, घट्ट, डांबरासारखा. त्याने बोटाने एक ढेकूळ खरवडलं आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवलं.

"वास घ्या."

मास्तरांनी घेतला. पुन्हा घेतला. जळक्या तेलाचा वास कुणाला कळत नाही?

"तुमची फट बरोबर होती," अकोल्गो म्हणाला. "मर्तिकात मी चेष्टा करत नव्हतो."

मी तेव्हा म्हणाले, "मीही पाहिलं होतं." माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

मला वाटत होतं, मास्तर शिव्या देतील. कुत्रेखाऊ म्हणतील, चोर म्हणतील, पळी घेऊन धावतील. अकोल्गोही तेवढ्यासाठीच वाकून उभा होता, मारायला पाठ पुढे केल्यासारखा. मास्तरांनी ते ढेकूळ खुराड्याच्या छपरावर नीट ठेवलं, हात सदऱ्याला नाही, रुमालाला पुसले.

"मेस्त्री," ते म्हणाले, "हे साफ करून जोडायला किती दिवस लागतील तुम्हाला?"

"चार."

"बरं. थँक्यू."

आयुओ मात्र अकोल्गोकडे बघून बोलली. "माझ्या कांद्यांना सांग," ती म्हणाली, आणि निघून गेली.

अकोल्गोने तीन दिवसांत जोडलं. नवीन चोथा, नवीन पूड, सगळं कोरडं. हेडमास्तरांकडे तो स्वतः जाऊन सगळं सांगून आला. लेथची किल्ली परत मिळाली. इंजिन मार्चपासून पावसापर्यंत चाललं, झोपलेल्या माणसासारखा श्वास घेत. जे वाफे उरले होते ते जगले. गेलेले गेले. अकोल्गो रोज सकाळी छत्री फिरवायला बंधाऱ्यावर जायचा, आणि जाताना खिशातली कुपी अपोकाच्या चुलीपाशी ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. बंधाऱ्यावर पोचला की आयुओसमोर दोन्ही हात उघडे करून दाखवायचा. पहिले काही दिवस ती बघायची. नंतर तिने बघणं सोडलं, त्याने दाखवणं सोडलं नाही.

मास्तर त्याला रस्त्यात भेटत. "गुड मॉर्निंग, मेस्त्री. कसे आहात?" तो म्हणे, "बरा आहे, मास्तर." आणि दोघे आपापल्या वाटेने जात. नोकर नाही, आजोबा नाहीत, कोंबडीचं अक्षर नाही. गिरणीवाले आधी चेष्टा करून बघायचे, मग तेही कंटाळले.

नाताळ आला. मास्तरांच्या अंगणात पातेलं चढलं. मी भिंतीपलीकडून कान देऊन होते. अपोकाही झारा हातात धरून. अकोल्गो कडुनिंबाखाली बसून होता. ओरडला नाही.

दुपारी मास्तरांची थोरली मुलगी रस्ता ओलांडून आली. हातात झाकलेलं ताट. "बाबांनी पाठवलंय," ती म्हणाली, "मेस्त्रींसाठी."

अकोल्गोने वरचं फडकं उचललं. अख्खं डोकं होतं. अर्धं नाही, अख्खं, नीट मांडलेलं, वर मिरचीचं सार ओतलेलं. वीस वर्षं ज्याच्यासाठी भांडला ते भांडल्याशिवाय आलं होतं.

त्याने फडकं पुन्हा घातलं, चारी कोपरे नीट ओढले. मुलीला म्हणाला, "बाबांना सांग, फार उपकार झाले."

ताट संध्याकाळपर्यंत बाकड्यावर तसंच होतं. अपोकाने विचारलं, "खात नाहीस?"

"कसं खाऊ?" तो म्हणाला.